पडद्यावरचा तोतया

दिल्लीच्या मंडी हाउस चौकातून निघणारा कोपर्निकस मार्ग इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी रस्त्याला जाऊन मिळतो. चौकाकडच्या टोकाला रवींद्र भवन, कमानी सभागृह आणि दूरदर्शन भवन आहे. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. फरीदकोट हाउसही येथेच आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे कार्यालय काही वर्षे तेथे होते, आता तेथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते. दुसऱ्या टोकाला, षट्कोनाच्या आत, २०१९ साली उभे राहिलेले राष्ट्रीय युद्धस्मारक. नाट्य आणि दृश्य माध्यमांचा व्यवहार एका टोकाला, मृत सैनिकांच्या नावांचा शिलालेख दुसऱ्या टोकाला. युद्धातून जो परतला नाही आणि जो मेल्याचेही सिद्ध झाले नाही, त्या माणसाची जागा या रस्त्यावर नेमकी कोणती? १९७१ च्या युद्धाला अर्धशतक उलटून गेले, तरी या प्रश्नाचे उत्तर ना शासनाने दिले, ना साहित्याने. उत्तर दिल्याचा आव आणला तो साहसपटाने. त्या उत्तराची तपासणी करणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते चित्रपटाच्या पानावरील स्तंभलेखकांवर सोडून साहित्यविचार मोकळा होऊ शकत नाही.

निवृत्त योद्धा शत्रूच्या मुलखात गुपचूप शिरतो, विसरले गेलेले युद्धकैदी शोधतो आणि त्यांना खांद्यावर घालून परत आणतो, हा कथाबंध मूळचा अमेरिकेतला. १९८३ चा ‘अनकॉमन व्हॅलर’, १९८४ चा ‘मिसिंग इन अ‍ॅक्शन’ आणि १९८५ चा ‘रॅम्बो : फर्स्ट ब्लड पार्ट टू’ या तीन चित्रपटांनी तो घट्ट केला. व्हिएतनाममध्ये हरलेले युद्ध पडद्यावर पुन्हा लढून जिंकण्याची ही सोय होती. ‘रॅम्बो’मध्ये नायकाला कैद्यांची केवळ छायाचित्रे काढण्यास पाठविले जाते. कैदी सापडू नयेत अशीच मोहिमेमागील अधिकाऱ्याची इच्छा असते. नायक कैद्यांसह परततो आणि त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयातील यंत्रांवर गोळ्या झाडतो. प्रेक्षागृहात टाळी पडते ती या गोळ्यांना. त्या टाळीत एक खरा संताप आहे हे मान्य केले पाहिजे. सरकारे गैरसोयीची माणसे विसरतात, ही जाणीव खोटी नाही. परंतु कार्यालयावर गोळ्या झाडल्याने कपाटातली फाईल उघडत नाही. उलट ती उघडण्याची मागणी करणारा आवाज त्या आवाजात बुडून जातो.

अमेरिकेत ही फाईल अखेर उघडली गेली ती सिनेटच्या समितीत. जॉन केरी यांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने १९९१ पासून साक्षी घेतल्या, कागद तपासले आणि जानेवारी १९९३ मध्ये अहवाल दिला. आग्नेय आशियात कोणी अमेरिकी कैदी अजून जिवंत असल्याचा सबळ पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. काही माणसे मागे राहिली असण्याची शक्यता तिने पूर्णपणे पुसली नाही, हेही नोंदविले पाहिजे. त्याच्या एक वर्ष आधी, १९९२ साली, एच. ब्रूस फ्रँकलिन या साहित्याच्या अभ्यासकाने या सबंध समजुतीची मिथक म्हणून चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. मिथकाची चिकित्सा करण्यास तेथे साहित्याचा एक प्राध्यापक पुढे झाला, ही गोष्ट मराठी समीक्षेने लक्षात ठेवावी अशी आहे.

हा अमेरिकी साचा भारतात आणला गेला तेव्हा एक मूलभूत फरक नजरेआड झाला. अमेरिका ते युद्ध हरली होती; भारताने १९७१ चे युद्ध जिंकले होते. सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धबंदी भारताच्या ताब्यात होते. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, २८ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्ली करार झाला, आणि १९७४ च्या एप्रिलपर्यंत हे युद्धबंदी आपल्या देशी परत गेले. एवढे सारे हाती असताना आपली काही माणसे मागे राहिली असतील, तर ती का राहिली? हा पराभूताचा प्रश्न नव्हे, विजेत्याच्या निष्काळजीपणाचा प्रश्न आहे. म्हणून तो अधिक बोचरा आहे. १९७९ साली लोकसभेत बेपत्ता सैनिकांची यादी मांडली गेली. पुढे ‘५४ बेपत्ता’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आपल्या तुरुंगांत असे कोणी नाही, ही पाकिस्तानची भूमिका कायम राहिली. २००७ मध्ये नातेवाइकांच्या एका गटाला तेथील तुरुंग पाहू देण्यात आले. हाती ठोस काही लागले नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देशांनी वर्षातून दोनदा, १ जानेवारीस आणि १ जुलैस, कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करावयाची असते. नाट्यहीन, कोरड्या अशा त्या याद्या असतात. पण या प्रश्नाचे खरे रणांगण तेच आहे.

त्या ५४ जणांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे मराठी नाव आहे. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे विमान पडले. ढाक्याच्या एका वृत्तपत्रात त्याच महिन्यात जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव छापून आले, आणि आशेला एक कागदी आधार मिळाला. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पुढे त्यांनी दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडाविभागात नोकरी केली आणि दशकानुदशके निवेदने, भेटीगाठी, अर्ज आणि पत्रे यांचा मार्ग सोडला नाही. या आयुष्यात पाठलाग नाही, स्फोट नाही, मध्यंतर नाही. म्हणूनच साहसपटाला त्याचे काय करावे हे कळत नाही.

२००४ साली मिलन लुथ्रिया यांचा ‘दीवार’ आला. अमिताभ बच्चन यांचा मेजर तीन दशके पाकिस्तानी कैदेत आहे; मुलगा सीमा ओलांडून जातो आणि त्याला परत आणतो. वाट पाहणारी स्त्री येथे कथेचे कारण म्हणून उरते, कथेचा विषय होत नाही. २००७ साली अमृत सागर यांचा ‘१९७१’ आला. पीयूष मिश्रा यांच्या लेखनाने सावरलेला हा चित्रपट अधिक प्रामाणिक आहे, कारण तो सुटका घडवून आणत नाही. प्रेक्षकाला तो अपुरेपणासह घरी पाठवितो. त्याला हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटगृहांत मात्र तो फारसा चालला नाही. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. प्रेक्षकाला हवा असतो तो परत आलेला माणूस, आणि खरा येत नसेल तर कोणीतरी.

हे ‘कोणीतरी’ मराठी इतिहासाला चांगले परिचित आहे. १७६१ च्या पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले. प्रेत ओळखल्याचे सांगितले गेले, पण शंका राहिली. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. या शंकेच्या जमिनीत तोतया उगवला. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचे सांगत राहिला, कैदेतून सुटल्यावर कोकणात त्याने बळ गोळा केले, आणि १७७६ मध्ये नाना फडणिसांच्या कारभाराने त्याला देहान्त शासन दिले. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. तोतयाच्या मागे गेलेले सारेच मूर्ख नव्हते. भाऊ परत यावा ही त्यांची इच्छा खरी होती. खोटा होता तो तिला लाभलेला देह. पडद्यावरील सुटकेचा नायक याच जातीचा आहे. हरवलेल्याच्या जागी तो उभा राहतो, लोकांचे खरे दुःख त्याच्या नावावर जमा होते, आणि अडीच तासांनी ते खाते बंद होते. फरक एवढाच की पुण्याच्या दरबाराने तोतयाची चौकशी केली, पंच नेमले, साक्षी घेतल्या. पडद्यावरच्या तोतयाची चौकशी कोणी करीत नाही. त्याला प्रेक्षक पैसे देऊन मुजरा करतात.

सुटकेची मराठी कल्पनाही एकांगी झाली आहे. १७ ऑगस्ट १६६६ ची आग्र्याहून सुटका प्रत्येक मराठी मुलाला पेटाऱ्यांसह पाठ असते; असावीच. परंतु १६८९ मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या हाती लागलेल्या येसूबाई परत कधी आल्या, हे किती सुशिक्षितांना सांगता येईल? त्या १७१९ मध्ये आल्या, सुमारे तीस वर्षांनी. त्यांना आणले ते कोणा एकट्या वीराने नव्हे. बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर दिल्लीस गेले, तेथे रस्त्यांवर मराठी सैनिक मारले गेले, वाटाघाटी झाल्या आणि स्वराज्य, चौथाई, सरदेशमुखीच्या सनदांबरोबर राजकुटुंबाची मुक्तता पदरात पडली. फौज होतीच, रक्तही सांडले. पण कैद्याचे नाव कराराच्या कलमात होते. १९७२ च्या वाटाघाटींत नेमके हेच किती कसोशीने झाले, हा प्रश्न विचारण्याचे बळ मराठी वाचकाला त्याच्याच इतिहासातून मिळाले असते. आग्रा आठवतो आणि १७१९ आठवत नाही, म्हणून तो प्रश्न विचारण्याऐवजी नायकाची वाट पाहिली जाते.

खरे पलायन कसे असते, याचाही दाखला मराठी माणसानेच दिला आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानच्या हाती लागले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी मालविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह कोठडीची भिंत दिवसामागून दिवस पोखरली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये एका पावसाळी रात्री ते बाहेर पडले. कोणाला मारले नाही, काही उडविले नाही. बसने पेशावर गाठले आणि पुढे अफगाण सीमेच्या दिशेने गेले. सीमा काही मैलांवर असताना त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. ते रेल्वे स्थानक कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेले होते. नकाशावर मात्र त्याचे नाव राहिले होते. त्या एका नावाने संशय आला आणि ते पकडले गेले. पुढची गोष्ट तर कोणत्याही साहसपटात मावणार नाही. परुळकरांनी दूरध्वनी करू देण्याची विनंती केली ती पाकिस्तानी हवाई दलातील उस्मान हमीद या अधिकाऱ्याला. हे गृहस्थ पूर्वी त्यांच्या छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीने वागले होते. त्यांच्या हस्तक्षेपाने या तिघांचे प्राण वाचले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते इतर युद्धकैद्यांबरोबर वाघा सीमेवरून परतले. पलायनाने नव्हे, दोन राज्यांमधील समझोत्याने. या हकिकतीत धैर्य कमी आहे असे कोण म्हणेल? पण ज्या शत्रूला चेहरा आहे, नाव आहे आणि सद्बुद्धी आहे, तो शत्रू साहसपटाला परवडत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हे केवळ मनोरंजन आहे. केवळ मनोरंजन असते तर १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, विमान-अपहरणातील ओलीस सुटल्यावर, पुढच्या वेळी काय करायचे ते ‘रॅम्बो’ पाहून कळल्याचा विनोद केला नसता. विनोदातूनही धोरणाची भाषा घडते. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे : अशा चित्रपटांमुळे निदान विषय लोकांपर्यंत पोहोचतो. पोहोचतो हे खरे. परंतु कोणत्या रूपात? प्रश्न पोहोचावा म्हणून आधी त्याचे उत्तर बनावट करून द्यायचे, हा सौदा वाट पाहणाऱ्यांच्या वतीने करण्याचा अधिकार निर्मात्याला कोणी दिला? जिच्या घरी कोणी परतले नाही, तिला तिकीटबारीवर परत आलेला नवरा दाखविणे यात करुणा कमी आणि उद्धटपणा अधिक आहे.

तथापि दोषाची सारी बाकी चित्रपटाच्या नावावर मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. साहसपट ज्या रिकाम्या जागेत घुसला ती जागा साहित्याने रिकामी ठेवली होती. मराठीने पानिपतावर कादंबऱ्या लिहिल्या, बखरी पुन्हा पुन्हा उपसल्या. १९७१ च्या बेपत्तांचा विषय मात्र मराठी कादंबरीच्या आणि रंगभूमीच्या मुख्य चर्चेत कधी आला नाही. विरहिणी हे ज्या भाषेच्या कवितेचे सात शतकांचे धन आहे, त्या भाषेला पन्नास वर्षे अर्ज लिहिणारी विरहिणी दिसू नये? विरहिणीचा कावळा अंगणात बोलतो. या स्त्रीच्या दारात येतो तो सरकारी लिफाफा. त्या लिफाफ्याची भाषा, त्यातील ‘विचाराधीन’ आणि ‘पुष्टी झालेली नाही’ हे शब्द, त्यांच्यावर वर्षांमागून वर्षे जगलेली आशा, ही साहित्याची सामग्री आहे. तिच्यासाठी बंदूक लागत नाही. कागद वाचण्याची चिकाटी आणि न परतलेल्या माणसाला न परतलेलाच ठेवण्याचे धैर्य लागते.

पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही, म्हणून त्यांनी तोतयाही स्वीकारला नाही. वाट पाहण्याची निष्ठा आणि खोट्या परतीचा नकार या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकच होत्या. कोपर्निकस मार्गाच्या एका टोकाला बसून लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांकडून यापेक्षा कमी अपेक्षा करता येत नाही. स्मारकात नाव कोरणे राज्याचे काम आहे आणि याद्या तपासणे दूतावासांचे. नाव कोरावे की नाही हेच ज्यांच्याविषयी ठरलेले नाही, त्यांची हकिकत खोटी न करता सांगणे हे मात्र साहित्याचे काम आहे, आणि ते अजून सुरू व्हायचे आहे.