लाल तेवढे सगळे सारखे नसते



आपल्या बहुतेकांच्या दारात गाडी आली ती जुनीच आली. कुणी भविष्य निर्वाह निधीतून घेतली, कुणी पतपेढीचे कर्ज काढून. नव्या गाडीवाल्याला कंपनी काही वर्षे सांभाळून घेते. जुनी घेणाऱ्याला मात्र स्वतःचेच डोळे उघडे ठेवावे लागतात. म्हणून या वेळी आम्ही ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधील ऑइलविषयी लिहीत आहोत. विषय रुक्ष वाटेल, परंतु त्यापायी एका घरावर काय वेळ आली ते आम्ही जवळून पाहिले आहे.

आमच्या वसाहतीत एक शिक्षिका ताई राहतात. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय अधू झाला. क्लच दाबणे त्यांना जमत नाही. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून त्यांना २०११ सालची आय-टेन ऑटोमॅटिक घेऊन दिली. या गाडीला पेडल दोनच आणि दोन्हींना उजवा पाय पुरतो. कुणाच्या उपकाराविना ताई बावीस किलोमीटरवरच्या शाळेत जाऊ-येऊ लागल्या. ती गाडी म्हणजे त्यांची चैन नव्हे, त्यांचा पायच होता.

गिअरबॉक्सचे ऑइल बदलायला काकांबरोबर आम्हीही गेलो होतो. मिस्त्री म्हणाला, "काका, ऑटोमॅटिकचं ऑइल लाल असतं, सगळं एकच. सुटं देतो, स्वस्तात पडेल." आम्ही दोघांनी मान डोलावली. पंधरा दिवसांत गाडी चढावर थरथरू लागली, गिअर बदलताना गचके देऊ लागली. ताई पुन्हा एसटीच्या रांगेत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या, जाणत्या मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला, "गाडीचं पुस्तक कुठं आहे?" पुस्तक गाडीच्याच खणात पडून होते. त्यात ऑइलची जात स्पष्ट छापली होती : एसपी-थ्री.

आता यातील खरी गोष्ट समजून घेऊ. साध्या गिअरबॉक्सचे ऑइल मुख्यतः दात्यांची झीज थांबवते. ऑटोमॅटिकचे ऑइल त्याखेरीज इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेते, दाबाने आतील क्लच प्लेटा आवळते आणि उष्णता वाहून नेते. त्या प्लेटांनी किती पटकन पकड घ्यावी हे ऑइलमध्ये मिसळलेल्या द्रव्यांवर ठरते. ती द्रव्ये गिअरबॉक्स पाहूनच मिसळलेली असतात. जात चुकली की पकड बिघडते, मग थरथर सुरू होते. लाल रंग हा केवळ घातलेला रंग आहे. गळती झाली तर ती इंजिन ऑइलची नाही हे त्यावरून कळावे, इतकाच त्याचा उपयोग. रंगावरून जात ओळखता येत नाही.

या ऑइलच्या जाती काळानुसार बदलत गेल्या. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४९ साली 'टाइप ए' ठरवले, पुढे डेक्सरॉनच्या पिढ्या आल्या, २००५ साली डेक्सरॉन-सिक्स आले. डेक्सरॉन-थ्रीला मान्यता देणे त्या कंपनीने केव्हाच बंद केले. तेव्हा बाटलीवर ते नाव दिसले म्हणजे मूळ कंपनीने तपासलेले ऑइल आहे असे समजू नये. टोयोटाच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांना टी-फोर लागते, नंतरच्यांना डब्ल्यूएस. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. आणखी एक गोष्ट : दोन पेडल दिसले म्हणजे एकच यंत्र असे नाही. सीव्हीटी गाडीचे ऑइल वेगळे असते. २०१४ साली आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्या वाढल्या. त्यांच्या पोटात साधाच गिअरबॉक्स असतो आणि त्याला लाल ऑइल नव्हे, साधे गिअर ऑइल लागते.

तर जुनी ऑटोमॅटिक घेतलेल्यांनी एवढे करावे. पुस्तकातील ऑइलची जात कागदावर उतरवून घ्यावी. पुस्तक नसेल तर गाडीचे साल आणि मॉडेल सांगून कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारावे. डिपस्टिकवरही पुष्कळदा जात कोरलेली असते. सुटे ऑइल घेऊ नये; सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडायला लावावी आणि बिलावर ऑइलचे नाव लिहून घ्यावे. 'सर्व गाड्यांसाठी' असे लिहिलेल्या बाटलीच्या मागची यादी वाचावी. आपली जात त्यात नसेल तर बाटली खाली ठेवावी.

जुने ऑइल तपकिरी झाले म्हणून घाबरू नये. काळे पडले आणि जळका वास येऊ लागला तर मात्र वेळ दवडू नये. पातळी कशी पाहायची तेही पुस्तकाप्रमाणेच करावे, कारण काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात, काहींत बंद करून.

ताईंच्या गाडीचे काय झाले? खालचा बोल्ट उघडून सगळे ऑइल निघत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. समजा सहा लिटरपैकी तीनच निघाले, तर पहिल्या वेळी निम्मे नवे होते, दुसऱ्या वेळी पाऊण भाग, तिसऱ्या वेळी आठातले सात भाग. जाणत्या मिस्त्रीने मधे गाडी चालवून तीनदा ऑइल बदलले. थरथर थांबली. प्लेटा जळाल्या नव्हत्या म्हणून निभावले, नाहीतर गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च काकांना पेलला नसता.

पहिल्या मिस्त्रीवर आम्ही सगळा दोष टाकत नाही. त्याच्या हाती कुणी पुस्तक दिले नव्हते. परंतु आमच्या हाती ते होते, आम्हाला वाचता येत होते, तरी आम्ही उघडले नाही. चारचौघांत प्रश्न विचारायचा संकोच वाटला. विचारण्यात कमीपणा नाही, बंधूंनो. न विचारता मान डोलावण्यात आहे.

परवा सकाळी ताईंची गाडी आमच्या दारावरून शाळेकडे गेली. काका अंगणात उभे होते. आम्हाला हाक मारून म्हणाले, "आता ते पुस्तक मी माझ्या कपाटात ठेवलंय!" आम्ही म्हणालो, "काका, ते पुन्हा गाडीतच ठेवा. गरज तिथंच पडते."