हक्क तोंडपाठ, पेपर घरी!

मी स्वतः कुत्रावाला, म्हणून हक्काने बोलतोय. सोसायटीच्या कमिटीने 'कुत्रा नको'ची भाषा केली, की आपली डॉगीवाली गँग लगेच ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015च्या सूचना फडकवते. बरोबरच आहे. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण बॉस, कुत्र्याची घाण मालकाने उचलावी, हेही त्याच सूचनांमध्ये लिहिलंय. तेवढं मात्र कुणी वाचत नाही!

"जाईल की पावसात वाहून," हे फेव्हरिट उत्तर. जाईल, पण कुठे? मुंबईत पावसाचं गटार आणि संडासाची लाइन वेगळी. गटारातलं पाणी नाल्यातून थेट खाडीत नाहीतर समुद्रात जातं, प्रक्रिया वगैरे काही नाही. म्हणजे संडेला आपण जिथे भेळ खायला जातो, तिथेच! आणि पाऊस नसेल तेव्हा? सकाळी झाडू मारणाऱ्या मावशी आहेतच.

मुंबई पालिकेने 2006च्या स्वच्छता उपविधींत यासाठी 500 रुपये दंड ठेवला. पण दंडाच्या धाकाने कशाला? फिरायला निघताना जुना पेपर घ्या. शी उचला, घरी कमोडमध्ये टाका, पेपर कचऱ्यात. दोन मिनिटं लागतात. वर्षातून एक सकाळ पालिकेचं लायसन्स आणि रेबीजच्या लशीसाठी ठेवा. मग कमिटीपुढे आवाज चढवायला आपण मोकळे!