डॉक्टरांपासून परदा कसला?

एच.आय.व्ही.ची मोफत औषधे सरकारने २००४ साली सुरू केली. तेव्हा तिशीत असलेले रुग्ण आज पन्नाशी ओलांडून गेले, अल्हम्दुलिल्लाह. पण पन्नाशीबरोबर बी.पी., शुगर आणि हृदयाचे दुखणेही आले.

आता एकाच माणसाच्या दोन फायली झाल्या. एक घाटी रुग्णालयाच्या ए.आर.टी. केंद्रात, दुसरी हृदयाच्या डॉक्टरांकडे. फुलंब्रीहून दोन्हीकडे जाणारा माणूस या फायलींची गाठ पडू देत नाही. डॉक्टर विचारतात, "आणखी कोणत्या गोळ्या?" सोबत मुलगा, सून उभे, इज्जतीचा सवाल. उत्तर मिळते, "काही नाही."

हे "काही नाही" कसे महागात पडते ते आम्ही सांगतो. बरीचशी औषधे यकृतात मोडली जातात. एच.आय.व्ही.च्या दुसऱ्या टप्प्याच्या उपचारात रिटोनावीर असते. तिचे कामच यकृताचा हात धरून ठेवणे, म्हणजे सोबतचे औषध रक्तात जास्त वेळ टिकते. पण हा हात इतर गोळ्यांसाठीही बांधला जातो. कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन मोडत नाही, साठत जाते. स्नायू दुखतात, लघवी काळपट होते, मूत्रपिंडावर बेतू शकते. स्टेंट टाकल्यावर मिळणाऱ्या क्लोपिडोग्रेलचे उलटे. ती यकृतात गेल्यावरच कामाची होते. रिटोनावीर चालू असेल तर तिचा असर घटतो आणि स्टेंटमध्ये गुठळीचा धोका राहतो. आम्हाला हेच जास्त भयंकर वाटते, कारण घरच्यांना वाटते, दवा तर वेळेवर चालू आहे! डॉक्टरांना माहीत असेल तर दोन्हींना पर्याय आहेत.

आता बहुतेकांना मिळणारी डोल्युटेग्रावीर हृदयाच्या गोळ्यांशी एवढी भांडत नाही. तरी तिच्यामुळे शुगरची मेटफॉर्मिन रक्तात वाढते, म्हणून डॉक्टर तिचा डोस बेताचा ठेवतात. आणि अँटासिडसोबत घेतली तर तिचाच असर कमी होतो. अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ती घ्यावी. इफ्तारची भजी खाऊन अँटासिड पिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

राहिला लोकांचा प्रश्न. २०१७ च्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. नातेवाइकांना दाराबाहेर थांबवा, डॉक्टरांना एकट्यात सांगा. तोंडातून शब्द निघत नसेल तर ए.आर.टी. केंद्राची पुस्तिका नुसती पुढे सरकवा. हे वाचून कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. विचारायचे असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक आहे.