कठडा लावला की काळजी मिटली?

घरातले बुजुर्ग अंथरुणाला खिळले की हल्ली दवाखान्यातल्यासारखी कॉट भाड्याने आणतात. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे असतात. रात्री ते वर केले की दादी आता पडणार नाहीत, असे समजून सगळे झोपायला जातात. वृद्धांची देखभाल करणाऱ्या केंद्रांतही हेच चालते. या बेफिकिरीबद्दलच आज आम्हांला लिहायचे आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २०१२ या काळात रुग्ण अशा कॉटमध्ये अडकल्याच्या, कठड्यात गुंतल्याच्या ९०१ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत ५३१ जण दगावले. बहुतेक जण वयस्क, अशक्त किंवा भान हरपलेले होते. हे घडते कसे? झोपेत शरीर कडेला सरकते, गादी आणि कठडा यांमधल्या फटीत मान किंवा छाती अडकते, आणि हाक मारण्याइतकाही श्वास उरत नाही. कॉट भाड्याची आणि गादी घरची, तर मापे जुळत नाहीत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घातलेली हवेची गादी तर कडेला वजन पडताच दबते आणि फट रुंदावते. तिथल्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही फट १२ सेंटीमीटरहून कमी हवी. मोजताना गादी कडेला दाबून मोजावी, मोकळी ठेवून नव्हे.

दुसरा धोका ओलांडण्याचा. ज्यांना उठायचेच आहे ते कठड्यावरून पाय टाकतात आणि अधिक उंचीवरून पडतात.

मग ते उठतात तरी का, हे कोणी विचारत नाही! लघवी लागलेली असते, तहान लागते, एका कुशीवर अंग दुखते. आपल्या घरांत आणखी एक कारण आहे. साठ वर्षे फज्रच्या अजानला उठून वुजू केलेल्या माणसाची याददाश्त गेली तरी ही सवय जात नाही. अजान कानी पडली की अब्बा पाय खाली सोडू पाहतात. कठडा त्यांना अडवतो, पण समजावत नाही. त्यापेक्षा अजानच्या आधीच कोणी जागे होऊन त्यांना लघवीला न्यावे, बसवून वुजू करवावा. कॉट जमेल तितकी खाली ठेवावी, खाली जाड गादी अंथरावी, मंद दिवा असू द्यावा, पाणी, चष्मा आणि घंटी हाताशी ठेवावी.

कठडे काढून फेकाच, असे आमचे म्हणणे नाही. डोक्याकडचा आखूड कठडा धरून कुशीवर वळता येते, उठून बसता येते. ज्याला भान आहे, त्याला तो आधारच वाटतो. पण हा निर्णय माणूस पाहून घ्यावा, सरसकट नव्हे.

अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांना नियमच आहे: आधी दुसरे उपाय करून पाहायचे, धोके त्या व्यक्तीला किंवा घरच्यांना समजावायचे आणि संमती घेऊनच कठडा लावायचा. मुले आखातात किंवा मुंबईत, अम्मी केंद्रात, अशी घरे आता आपल्यातही आहेत. त्यांनी केंद्रचालकांना हे बेधडक विचारावे. रात्री दोन वाजता किती माणसे जागी असतात, हेही विचारावे. दुपारच्या भेटीत ते दिसत नाही.