आमचा आकडा, त्यांचा आकडा

गोदीत दोन आकडे असतात. एक आमच्या हातात, लोखंडाचा. गोणीच्या कानात घुसवायचा आणि गोण पाठीवर घ्यायची. दुसरा टॅली क्लार्कच्या कागदावर. तो गोण्या मोजतो, रेघा मारतो. गोणीत तांदूळ आहे की भुसा, ते बघणं त्याचं काम नाही. त्यासाठी वेगळा माणूस येतो. तो पोकळ सळई गोणीच्या पोटात खुपसतो, मूठभर दाणे हातावर घेतो, वास घेतो, दाताखाली धरतो. मग सही करतो.

मोठ्या डॉक्टरांच्या संशोधनाच्या बाजारात हा सळईवाला माणूस शोधून सापडत नाही. तिथं सगळे टॅली क्लार्क.

हे मी का बोलतोय? मी मॅट्रिक. मला कुणी विचारलंय? विचारलं नाही म्हणूनच बोलतोय.

माझा बाप याच धक्क्यावर झिजला. छाती भरली तेव्हा एका मोठ्या इस्पितळात टाकला. रोज सकाळी पांढऱ्या कोटातली पोरं खाटेभोवती जमायची. बापाची छाती वाजवायची, फोटो काढायची. बापाला वाटायचं, आपल्याकडं लक्ष आहे. औषधाची चिठ्ठी मात्र बाहेरच्या दुकानाची. बाप गेला. दोन वर्षांनी आपल्याच वस्तीतल्या, तिथं शिकणाऱ्या एका पोरानं मला छापलेला पेपर दाखवला. बापाच्या छातीचा फोटो. वर सात नावं. आत एक ओळ : ५४ वर्षांचा पुरुष, हमाल.

बापाचं नाव छापलं नाही याचा राग नाही. रुग्णाचं नाव झाकायचंच असतं. पण त्याला विचारायचंही असतं. बाप सही करायला शिकला होता. त्याची सही कुणी मागितलीच नाही. मी त्या पोराला विचारलं, याचं पुढं काय होतं? तो म्हणाला, प्रमोशनला धरतात.

तेव्हापासून मी या धंद्याचा हिशेब शिकायला लागलो. तुम्हीही शिका.

डॉक्टर पेपर छापतो. दुसरा डॉक्टर आपल्या पेपरात त्याचा हवाला देतो. असे हवाले मोजायचे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्डनं १९६४ साली हवाल्यांची मोठी सूची काढली. तिचा मूळ उपयोग चांगला होता : एक कल्पना कुठून कुठं गेली ते शोधायचं. पुढं त्याच हवाल्यांवर नियतकालिकांचा भाव ठरू लागला. २००५ साली हिर्श नावाच्या पदार्थविज्ञानवाल्यानं माणसाचाही भाव काढायचं सूत्र दिलं, एच-इंडेक्स. चाळीस पेपर असे, की प्रत्येकाला निदान चाळीस हवाले, तर तुझा आकडा चाळीस. झालं. माणूस एका आकड्यात बसला. नेमणूक करणाऱ्याला वाचायचं काम उरलं नाही. पत्रिका बघून लग्न लावावं तसं आकडा बघून खुर्ची द्यायची.

आता एक गोण उघडून दाखवतो.

जर्मनीत ऱ्हाईन नदीवर लुडविग्सहाफेन नावाचं बंदराचं, रसायनाच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथल्या इस्पितळात योआखिम बोल्ट हा भूलतज्ज्ञांचा प्रमुख होता. पेपरांचा डोंगर. हवाल्यांचा डोंगर. त्याचा विषय, शिरेतून देण्याचं स्टार्चचं द्रावण, हायड्रॉक्सिएथिल स्टार्च. मका-बटाट्याच्या पिठापासून बनतं. ऑपरेशनमध्ये रक्त गेलं, दाब पडला की भरायचं. बोल्टचे पेपर सांगत होते, बिनधास्त द्या. जगभरचे डॉक्टर त्याचा हवाला देत होते. आकडा चढत होता.

२००९ साली त्यानं हृदयाच्या ऑपरेशनवरचा एक पेपर छापला. त्यातली मापं इतकी गुळगुळीत होती की वाचणाऱ्यांना शंका आली. वाचणाऱ्यांना, हे ध्यानात धरा, मोजणाऱ्यांना नाही. २०१० साली तो पेपर मागे घ्यावा लागला. मग चौकशी. २०११ साली नियतकालिकांच्या संपादकांनी मिळून जाहीर केलं : तपासलेल्या १०२ पेपरांपैकी ८८ पेपरांना नीतिसमितीची मंजुरी असल्याचा पुरावाच नाही. आजवर त्याचे दीडशेहून जास्त पेपर मागे घेतले गेलेत. एका माणसाचे!

म्हणाल, कागदच ना, फाडून टाकला. नाही. कागद रुग्णाच्या शिरेत गेला होता.

२०१३ साली कॅनडातल्या झारिचान्स्की आणि सहकाऱ्यांनी या स्टार्चवरचे ३८ अभ्यास एकत्र केले. त्यात सात बोल्टचे, ५९० रुग्णांचे. ते सात धरले तर स्टार्चनं माणसं जास्त मरतात का, हे धूसर, काठावरचं. ते सात काढून टाकले आणि उरलेल्या दहा हजारांवर रुग्णांचा हिशेब केला. चित्र स्वच्छ झालं : अत्यवस्थ रुग्णांत मरणाचा धोका इतर द्रावणांपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त. मूत्रपिंड निकामी होण्याचा धोकाही जास्त. भुशाच्या सात गोण्यांनी मढी झाकली होती. २०२२ साली युरोपनं या द्रावणाच्या विक्रीचे परवानेच स्थगित केले. पहिला पेपर मागे घेतल्यानंतर बारा वर्षांनी.

आणि त्या खाटांवरच्या माणसांचा आकडा? तो कुठल्या इंडेक्समध्ये आहे?

च्यायला, कहर पुढंच आहे. पेपर मागे घेतला तरी त्याला हवाले मिळत राहतात. न वाचता, दुसऱ्याच्या यादीतून यादी उतरवून. मेलेला माणूस मस्टरवर हजर, आणि त्याच्या नावे पगार चालू! आमच्याकडं असं केलं तर मुकादम आत जातो. यांच्याकडं प्रोफेसर वर जातो.

आता दुसरी गोण. हिच्यावर कुणी रेघच मारली नव्हती.

कलकत्त्याचे शंभुनाथ डे. गरीब घरातले. साधनं तुटपुंजी. कॉलरा माणसाला कसा मारतो, हे कोख १८८४ साली कलकत्त्याला येऊन गेल्यानंतरही पंचाहत्तर वर्षं सिद्ध झालं नव्हतं. डेंनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोऱ्यानं बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेलं पाणी सोडलं. जंतू एकही नाही, तरी आतडं पाण्यानं फुगलं. म्हणजे जंतूनं सोडलेलं विष मारतं. १९५९ साली 'नेचर'मध्ये छापलं. कॉलऱ्याचा सगळा अभ्यास पुढं त्या वाटेनं गेला. पण तेव्हा? सामसूम. कित्येक वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. १९७३ साली ते निवृत्त झाले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठाननं कॉलऱ्यावरच्या परिसंवादाला बोलावलं, तेव्हा इथल्या लोकांना कळलं की असा माणूस आपल्यात आहे. तरीही देशातल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो केलं नाही. १९८५ साली ते गेले. १९८६ साली खुद्द हवाले मोजणाऱ्या गारफिल्डनं लेख लिहिला, की डेंच्या कामाची सुरुवातीला दखल घेतली गेली नाही, ते काम मैलाचा दगड आहे. मोजणीच्या बापानंच कबूल केलं, मोजणीला माणूस दिसला नाही. एक वर्ष उशिरा.

बोल्टचा आकडा मोठा होता, आत भुसा. डेंचा आकडा उशिरा आला, आत दाणा. सांगा, आकड्यानं काय सांगितलं?

आपल्या देशात तर मोजणीनं कारखानेच काढले. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांना पेपरांचे गुण लावले. लगेच पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आयोगाच्या मंजूर यादीतला विद्यापीठांनी सुचवलेला माल तपासला. बहुतेक रद्दी निघाली. २०१८ साली आयोगाला एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढावी लागली. पण त्यांत छापून जे वर चढले ते खाली आले का?

इथं कुणी शहाणा उठेल : मग काय, मोजायचंच नाही? वशिल्यानं नेमायचं?

नाही दोस्ता. हा सापळा आम्हाला कळतो. मोजणी गेली की काय येतं ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आडनाव येतं. कुणाचा तू, कुठून आलास, ते येतं. बंद दाराआडची मुलाखत येते. आपल्या पोरीचा पेपर चांगला असेल तर तो मोजलाच पाहिजे, लेखी, सगळ्यांसमोर. मस्टर आम्ही लढून मिळवलंय, ते जाळायला सांगत नाही. मी म्हणतो, मोजा, पण गोण उघडून मोजा.

तेव्हा तुमच्यातले जे मेडिकलला आहेत, लॅबमध्ये आहेत, उद्या नेमणुकीच्या टेबलाच्या पलीकडं बसणार आहेत, त्यांनी ही सळई हातात घ्या. कुणी आकडा तोंडावर फेकला तर विचारा : यातले पाच पेपर दाखव, आम्ही वाचतो. कच्च्या नोंदींची वही कुठंय? नीतिसमितीची मंजुरी कुठंय? रुग्णाची सही कुठंय? मागे घेतलेला पेपर आकड्यातून वजा केलास का? सात नावांतल्या कुणी काय काम केलं? आणि ज्याच्या अंगावर हे केलं तो माणूस जगला की मेला?

त्यांना राग येईल. शिस्तीच्या गोष्टी सांगतील. सांगू द्या. सळई लागली की भुशाची गोण आवाज करत नाही, नुसती गळायला लागते.

बापाचा तो पेपर माझ्याकडं आहे. मध्यंतरी त्या पोराला विचारलं, याला हवाले किती? तो म्हणाला, अकरा. अकरा माणसांनी माझ्या बापाच्या छातीचा हवाला दिला. पण अकरातल्या एकानंही विचारलं नाही, की त्या हमालाला विचारलं होतं का?

मी विचारतोय. बारावा हवाला माझा.