टायर जाडच हवा!

गेल्या काही वर्षांत आपल्या हॉस्टेलच्या स्टँडवर रोड बाइक वाढल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. वाकड्या हँडलची सायकल घेतली की माणूस आपोआप पहाटे पाचला उठतो, असा आमच्या विंगचा अनुभव. (असा उठलेला माणूस नंतर लेक्चरला झोपतो, तो विषय वेगळा!) पण त्याच स्टँडच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. चार-पाच चांगल्या सायकली चाकं चपटी करून धूळ खात पडल्या आहेत. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं, "कंटाळा आला यार, सारखं पंक्चर!" म्हणजे दम कमी पडला म्हणून यातल्या कोणीच सायकल सोडलेली नाही. त्या टायरनी त्यांना घरी बसवलं.

तर मित्रांनो, माझं मत सरळ आहे. आपल्या भागात रोजच्या प्रॅक्टिसला रेसचे टायर वापरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. रबराखाली संरक्षक पट्टा असलेला, जड आणि थोडासा मठ्ठ टायर घ्या. वेग कमी होतो का? होतो. होऊ दे.

वेगाचं नाव काढलं की आमच्या ग्रुपमधले दोन-तीन जण लगेच अंगावर येतात. म्हणून आकडेमोड करूच. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो, वेग ताशी 30 किमी. रेसच्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक 0.004 धरा आणि जाड टायरचा 0.007. फरकाचं बल येतं साधारण 2.4 न्यूटन, म्हणजे सुमारे 20 वॉट. वेगात मोजलं तर तासाला किलोमीटर-सव्वा किलोमीटरचं नुकसान. चाळीस किलोमीटरच्या राइडला तीनेक मिनिटं जास्त लागतील. वजनाचं म्हणाल, तर रेसचा टायर सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅमचा, आणि श्वाल्बे मॅरेथॉन प्लससारखा अगदी दणकट टायर सातशेच्या घरातला. दोन टायर मिळून किलोभराच्या आत फरक. तासाभराच्या घाटात चाळीसेक सेकंद. फिरणारं वजन दुप्पट मोजायचं असतं असं कोणी सांगेल, पण ते वेग वाढवताना. एका लयीत चढताना किलो म्हणजे किलोच.

आता दुसरी बाजू. हात बसलेला असला तरी ट्यूब बदलायला पंधरा-वीस मिनिटं जातात. म्हणजे सहा-सात राइडमागे एक पंक्चर होत असेल तर वेळेचा हिशेब तिथेच फिटला. शिवाय ही वीस मिनिटं कुठे जातात? पहाटेच्या अंधारात, रस्त्याच्या कडेला, शेजारून ट्रॉल्या जात असताना. ही तीन मिनिटं आणि ती वीस मिनिटं एकाच तराजूत कशी घालायची ते मला अजून कोणी समजावलेलं नाही. आणि प्रॅक्टिसला आपण जातो ते दम वाढवायला ना? मग 20 वॉट जास्त लागले तर बिघडलं कुठे! छातीच्या ठोक्यांना टायरची कंपनी कळत नाही. रेसच्या आदल्या आठवड्यात चढवा की तुमचे ते मखमली टायर.

आपला रस्ताही बघा. सांगलीहून तासगावकडे निघालं की द्राक्षबागांच्या तारांचे तुकडे. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की टायरगाड्या आणि बैलांच्या पत्र्यांचे खिळे. बांधाकडेला बाभळीचे काटे आणि सराटे आहेतच. हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसासारखी बारीक पोलादी तार असते, ती सगळ्यात हलकट, कारण हवा दोन किलोमीटरनंतर बसते आणि कारण डोळ्याला दिसत नाही. त्यातून गावातल्या पंक्चरवाल्या काकांकडे जावं, तर त्यांच्याकडे आपली ट्यूब नसते. जुन्या काळ्या सायकलचा अठ्ठावीस इंची टायर असतो, पण त्याची रिम 635 मिमीची आणि आपली 622ची. तेरा मिलिमीटरसाठी सगळं अडतं. हवा भरायची तर प्रेस्टा व्हॉल्व्हला त्यांचं नोझल बसत नाही.

दुकानात गेल्यावर एका गोष्टीत हमखास फसगत होते. दुकानदार म्हणतो, "केव्हलार आहे, पंक्चर होणार नाही." त्याला विचारा, केव्हलार कुठे आहे? बऱ्याच टायरमध्ये ते फक्त कडेच्या बीडमध्ये असतं, तारेऐवजी. त्याने टायर घडी होतो, हलका होतो, पण काट्याला काही फरक पडत नाही. आपल्याला पट्टा हवा तो रस्त्याला लागणाऱ्या रबराच्या खाली. त्यातही दोन जाती. एक विणलेला पट्टा, जसा काँटिनेंटल गेटरस्किनमध्ये असतो. काचेला तो चांगला अडवतो, पण बारीक तार किंवा काटा विणीतले धागे बाजूला सारून आत जाऊ शकतो. दुसरा म्हणजे नुसत्या रबराचा जाड थर, मॅरेथॉन प्लसमध्ये तो 5 मिमीचा आहे. तिथे काटा घुसतो, पण ट्यूबपर्यंत पोचतच नाही. ऊसतोडीच्या दिवसांत मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. पावसाळ्यात जपून, कडक रबर ओल्या वळणावर लवकर घसरतं.

रुंदी शक्य असेल तर 28 घ्या, पण आधी ब्रेकच्या आतली जागा मोजा, जुन्या फ्रेममध्ये कधीकधी 25च बसतो. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, रोज तेवढीच हवा भरायचा हुकूम नव्हे. 65-70 किलोच्या माणसाला 28च्या टायरमध्ये मागे 75-80 पीएसआय पुरते, पुढे थोडी कमी. याच्या फार खाली गेलात तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. त्या पंक्चरला जगातला कुठलाही पट्टा वाचवू शकत नाही.

हे टायर स्वस्त नाहीत, मान्य. जोडी घेतली तर मेसचं बिल आठवतं. एकाचेच पैसे असतील तर मागे घाला. वजन मागे जास्त पडतं, पंक्चरही मागेच जास्त. पण म्हणून झिजलेला टायर पुढे ढकलू नका, पुढचा फुटला तर सायकल सावरत नाही. आणि राइडहून आल्यावर टायरवर बोट न फिरवता नीट बघून काचेचे कण टोकरून काढा. आज अडकलेला कण चार दिवसांनी आत पोचतो.

शेवटी रेक्टर सरांना एक विनंती. मागच्या गेटच्या उतारावर फुटलेल्या बाटल्यांचा सडा असतो, तो रोज झाडला गेला तर स्टाफच्या स्कूटरही वाचतील. आणि स्टँडवर उभा पंप ठेवायचं दोन वर्षं नुसतं ठरतंय. ठेवाल तेव्हा प्रेस्टाचं नोझल असलेला आणि दाबाचा काटा असलेला ठेवा, नाहीतर तोही जिमच्या वजनकाट्याशेजारी जाऊन बसेल.