चिमणीच्या कडेचा जांभळा रंग

वडखळ ओलांडून नागोठण्याकडे निघालं की डोलवीचा पोलाद कारखाना बराच वेळ सोबत करतो. पूर्वीचा इस्पात, आता जेएसडब्ल्यू. निसर्गचित्रण करणारी बहुतेक मंडळी इथे कॅमेरा बाहेरच काढत नाहीत. मला मात्र अंबा नदीची खाडी, काठची खारफुटी, भरतीच्या पाण्यावरचे बार्ज आणि मागे उभ्या चिमण्या हे रायगडातलं फार बोलकं दृश्य वाटतं. शिवाय लेन्सची इतकी कडक परीक्षा दुसरीकडे क्वचितच होते.

पोयनाडच्या बाजूच्या काठावरून सकाळी पूर्वेकडे फोटो घ्या. उजळ आकाशापुढे काळ्या चिमण्या, विजेच्या तारा, खारफुटीच्या बारीक फांद्या. घरी येऊन फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला की कोपऱ्यातल्या चिमणीच्या एका कडेला तांबडी, दुसऱ्या कडेला निळसर रेघ दिसते. काच निळा किरण तांबड्यापेक्षा जास्त वाकवते. त्यामुळे तिन्ही रंगांची चित्रं किंचित वेगवेगळ्या आकाराची उमटतात. स्वस्त छपाईच्या कॅलेंडरवर रंगांच्या प्लेटा सरकल्या की देवाच्या मुकुटाला दुहेरी कड येते, तसंच हे. मध्यभागी काही दिसत नाही. कोपऱ्याकडे जावं तसं ते वाढतं.

हा दोष फार जुना. काचेच्या भिंगातून तो जाणारच नाही, असं मानून न्यूटनने १६६८मध्ये आरशाची दुर्बीण केली. जॉन डॉलंडने १७५८मध्ये क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा जोडून केलेल्या भिंगाचं पेटंट घेतलं. आजच्या लेन्समधल्या ईडी काचा त्याच वाटेवरच्या. तरी थोडा दोष उरतोच.

उरलेल्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केली की दुरुस्ती फसते. कोपऱ्यातली तांबडी-निळी जोडी अॅपर्चर लहान केल्याने जात नाही. तिथे हिरवा चॅनेल प्रमाण धरून तांबडा आणि निळा किंचित लहान-मोठा करायचा असतो. लाइटरूममधली एक खूण ते काम करते; पैसे खर्चायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. मात्र हे आधी करा, रॉ फाइलवर. कापलेल्या जेपीईजीवर करायला गेलात, तर लेन्सचा मध्य आता चित्राच्या मध्याशी राहिलेला नसतो आणि नवीन कडा उगवतात. खाडीचा पॅनोरमा करायचा असेल तर प्रत्येक फ्रेम जोडण्यापूर्वी साफ करावी.

दुसरा प्रकार फोकसच्या पुढे-मागे येणारा: पुढे जांभळा, मागे हिरवट. तो फ्रेमच्या मध्यातही दिसतो आणि एफ २.८वरून एफ ८वर गेलं की बराच कमी होतो. उरलेल्यासाठी डीफ्रिंजचे स्लायडर असतात. इथेच माझी खरी तक्रार आहे. जांभळा स्लायडर सगळ्या फोटोवर ताणला की संध्याकाळी डोंगराच्या कडेला टेकलेली खरी जांभळट आभा राखाडी होते. हिरवा ताणला की उन्हात उजळलेल्या खारफुटीच्या पानांची कड मरते. ब्रश घेऊन, जिथे दोष आहे तिथेच काम करायला दहा मिनिटं लागतात. ती द्यावीत.

‘मी फोटो एडिट करत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण या बाबतीत त्यांचं म्हणणं पटत नाही. आजचे अनेक कॅमेरे जेपीईजी बनवतानाच ही किनार स्वतः पुसतात. लेन्सने जे घातलं ते काढणं ही लबाडी नव्हे. लबाडी होते ती डोलवीचं जे आहे ते काढताना. धुराच्या कडेची तपकिरी छटा किंवा लोहखनिजाच्या ढिगाचा तांबूसपणा ‘रंगदोष’ म्हणून धुऊन टाकला, तर तो फोटो या गावाविषयी खोटं बोलतो. इथल्या माणसांना ते रंग रोज दिसतात.

कोणता रंग कोणाचा, हे जागेवरच तपासता येतं. शंका येईल ती चिमणी एकदा फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवून फोटो घ्या, मग कॅमेरा वळवून तीच मध्यभागी आणा. फोकस नीट चिमणीवर ठेवा, अॅपर्चर एफ ८, एक्स्पोजर थोडं कमी म्हणजे आकाश जळणार नाही. मध्यभागी आल्यावर रंग गेला, तर तो लेन्सचा होता; खुशाल काढा. तिथेही तो धुराला चिकटून राहिला, तर त्या भागावर ब्रश फिरवू नका.